चालकाशी बोलू नये

सतरा नंबरची पहिली बस सकाळी पावणेसातला आगारातून सुटायची, आणि ती पावणेसातलाच सुटायची. सहा चव्वेचाळीसला नाही, सहा शेहेचाळीसला नाही. सव्वीस वर्षं ती एकाच माणसाने सोडली, म्हणून आगारात त्या माणसाचं नावच पावणेसात पडलं. मेकॅनिकपासून आगारप्रमुखापर्यंत सगळे त्यांना याच नावाने हाक मारायचे. घरी लेक लाडात आली की "काय पावणेसात, चहा घेणार?" म्हणायची. बायको हे नाव फक्त रागात असली की घ्यायची.

पावणेसातांच्या डोक्यावर, आरशाच्या वर, एक पाटी होती : 'चालकाशी बोलू नये.' कंपनीने ती प्रवाशांसाठी लावली होती, पण मनावर घेतली ती पावणेसातांनी. गाडी थांबल्यावरसुद्धा ते बोलायचे नाहीत. लग्नकार्यात ते कोपऱ्यातली खुर्ची धरून बसायचे आणि कुणी विचारलंच, "काय, कसं काय?" तर "चाललंय" म्हणायचे.

एका मंगळवारी आगाराच्या कँटीनमध्ये ते दोन हातांत दोन चहाचे कप घेऊन वळले आणि कपांसकट खाली कोसळले. हॉस्पिटलात शुद्धीवर आले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "किती वाजले?"

"सव्वाचार," नर्स म्हणाली.

"मग दुपारची फेरी कुणी नेली?"

बाहेर बाकावर बसलेल्या बायकोने हे ऐकलं आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू तिला एकदम फुटलं. माणूस जागेवर आला होता.

डॉक्टरीणबाई लेकीपेक्षा फार तर सात-आठ वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी कागदावर हृदयाचं चित्र काढून सांगितलं, की तुमचे ठोके मधूनच बेताल धावतात आणि मग रक्त पुढे जातच नाही. डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काडेपेटीएवढं यंत्र बसवू. त्याची वायर हृदयात जाईल. ते रात्रंदिवस ठोक्यांवर नजर ठेवेल, आणि ठोके बिथरले की आतूनच झटका देईल.

पावणेसातांनी बराच विचार केला. "म्हणजे बंद पडलेल्या गाडीला मागून धक्का मारतात, तसं?"

"साधारण तसंच. फक्त धक्का मारणारा आतच बसलेला."

यंत्र बसलं. लेकीने टाक्यांवरची पट्टी पाहून त्याचं बारसं केलं. "बाबा, तुझ्याकडे वरच्या मजल्यावर भाडेकरू आलाय." तेव्हापासून घरात 'यंत्र' हा शब्द कुणी वापरलाच नाही. भाडेकरू झोपलाय का, भाडेकरूला चालेल का, भाडेकरूच्या अंगावर मोबाईल ठेवू नकोस, असंच सगळं सुरू झालं.

हसण्यावारी नेता न येणारी गोष्ट डॉक्टरीणबाईंनी शेवटी सांगितली. पुढेमागे स्वतःची गाडी कदाचित चालवता येईल, पण प्रवाशांची बस नाही. पावणेसात घरी आले ते गप्पच झाले. पहिले दोन दिवस कुणाच्या ते लक्षातही आलं नाही, एरवीही ते तेवढंच बोलायचे. तिसऱ्या दिवशी बायकोने पाहिलं, की नवरा जेवणाच्या टेबलापाशी बसलाय, समोर ताटली उलटी धरलीय आणि ती दोन्ही हातांनी हळूहळू डावीकडे वळवतोय. तिने ताटली काढून घेतली, सरळ केली आणि तीत भात वाढला.

दीड महिन्याने आगारप्रमुखांनी त्यांना बोलावून घेतलं. आगारप्रमुख मनाने भले, पण कायम घाईत.

"तक्रार खिडकीवरचे क्लार्क निवृत्त झालेत. तुम्ही बसा तिथे. बसून काम, सावलीत काम, पंखा आहे."

"तक्रार खिडकी म्हणजे... लोकांशी बोलायचं?"

"नाही, लोकांनी बोलायचं. तुम्ही ऐकायचं."

"आणि गाडी?"

आगारप्रमुखांनी मान खाली घातली. "सहा महिन्यांनी फेरतपासणीचा अर्ज करता येतो. होईल असं मी म्हणत नाही. पण करता येतो."

पावणेसातांनी तो अर्ज त्याच दिवशी मागून घेतला, भरला, तारखेची जागा कोरी सोडली आणि नव्या टेबलाच्या खणात ठेवला. नोकरी त्यांनी धरली ती या अर्जाच्या भरवशावर. सहा महिने काय, असे जातील.

पहिल्याच सकाळी एक गृहस्थ तणतणत आले. "नऊ नंबर रोज दहा मिनिटं उशिरा येते!"

"मग दहा मिनिटं उशिरा निघा," पावणेसात म्हणाले.

पाठोपाठ एक बाई आल्या. त्यांची टोपली बसच्या दारात अडकली होती. "टोपली मोठी असेल," असं त्यांना उत्तर मिळालं. दुपारपर्यंत नऊ माणसं आली आणि नऊही माणसं जिना चढून थेट आगारप्रमुखांच्या केबिनीत गेली. संध्याकाळी आगारप्रमुख खाली आले, तेव्हा त्यांचा चेहरा पिळून काढलेल्या फडक्यासारखा दिसत होता.

"तक्रार विभागाविरुद्ध तक्रार करायची आपल्याकडे सोयच नव्हती हो," ते म्हणाले. "आज तुमच्यामुळे नवीन रजिस्टर काढावं लागलं."

हे घरी सांगावं लागलंच. बायको एकोणीस वर्षं दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसत होती. जगात दाढदुखीवाल्यापेक्षा वैतागलेला माणूस नाही, आणि तसे वीस-वीस जण तिने रोज खुर्चीत बसवून ठेवले होते. तिने नवऱ्याचं सगळं ऐकून घेतलं, पदर खोचला आणि लेकीला हाक मारली.

"तू प्रवासी हो. अहो, तुम्ही इकडे बसा. हं, कर सुरुवात."

लेक दारातून पाय आपटत आली. "तुमच्या बसने माझी छत्री गिळली!"

"बस छत्री गिळत नाही," पावणेसात म्हणाले.

"चूक!" बायकोने टेबलावर चमचा वाजवला. "आधी काय म्हणायचं? 'बसा ना.' उभा माणूस भांडतो, बसलेला सांगतो. मग विचारायचं, नेमकं काय झालं, अगदी पहिल्यापासून सांगा. आणि त्यांच्यासमोर लिहून घ्यायचं. लिहून घेतलेलं दिसलं की निम्मं दुखणं उतरतं."

"दाढेचंसुद्धा?"

"दाढेचं नाही. पण ओरडणं थांबतं."

आठवडाभर रोज जेवणानंतर ही तालीम चालली. लेकीने आजोबा केले, पोरं सांभाळणारी आई केली, बहिरा माणूस केला, एकदा तर तिने बसमध्ये हरवलेलं मांजर केलं. पावणेसातांच्या तोंडून 'बसा ना' हे दोन शब्द पहिल्यांदा असे निघाले, की ऐकणाऱ्याला उठून पळावंसं वाटावं. पण आठव्या दिवशी खिडकीवर एक म्हातारेबुवा खरोखरच बसले, घाम पुसला आणि शांतपणे सगळं सांगू लागले. पावणेसात इतके चकित झाले, की म्हातारेबुवांचं सांगून झाल्यावरही ते लिहितच राहिले.

गर्दी नसेल तेव्हा ते जुन्या फायली चाळायचे. प्रत्येक मार्गाची एक फाईल होती. सतरा नंबरची सगळ्यात जाड निघाली, तेव्हा त्यांना आधी अभिमानच वाटला. मग त्यांनी ती उघडली. आत नऊ वर्षांतली एक्केचाळीस पत्रं, सगळी एकाच वळणदार अक्षरातली आणि सगळ्यांची तक्रार एकच. सतरा क्रमांकाच्या बसचे सकाळचे चालक छापखाना थांब्यावर गाडी थांब्याच्या खांबापाशी न थांबवता सहा पावले पुढे नेतात, त्यामुळे उतरणाऱ्याचा पाय उघड्या गटारावर येतो, तरी कृपया दखल घ्यावी. खाली सही : 'एक नियमित प्रवासी, निवृत्त मुद्रितशोधिका', आणि पत्ता. प्रत्येक पत्रावर जुन्या क्लार्कचा निळा शिक्का होता : 'चालकाला समज देण्यात आली.'

पावणेसात उभेच राहिले. "मला?" ते रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाले. "कुणी दिली? कधी?"

एक्केचाळीस वेळा समज मिळूनही ज्याला पत्ता नाही, असा तो एकमेव चालक असावा. त्यांनी त्याच बैठकीत कागद ओढला आणि उत्तर लिहिलं :

'महोदया, आपल्या एक्केचाळीस तक्रारी वाचल्या. गाडी मीच चालवत होतो. मला कोणीही समज दिली नाही. तिथे विजेचा खांब आहे, आरसा तूटतो. त्यामूळे गाडी पूढे घ्यावी लागते. आपल्या गैरसोई बद्दल दीलगीर आहे.'

पाच दिवसांनी ते पत्र परत आलं. 'तूटतो', 'त्यामूळे', 'पूढे', 'गैरसोई बद्दल', 'दीलगीर', सगळ्यांवर लाल शाईच्या खुणा आणि समासात शुद्ध रूपं. खाली दोन ओळी होत्या : 'मजकूर प्रामाणिक आहे, शुद्धलेखन नाही. दिलगिरी शुद्ध लिहून आल्यावर विचार केला जाईल.'

बायको ते वाचून इतकी हसली, की तिला ओट्याला धरावं लागलं. "पाठवा ना पुन्हा! कधी नव्हे ते कुणीतरी तुमच्याशी बोलतंय."

पावणेसातांनी पत्र नव्याने लिहिलं. लेकीने तपासलं आणि त्यांनी ते पोस्टात टाकलं. चौथ्या दिवशी उत्तराऐवजी बाई स्वतःच खिडकीत उभ्या राहिल्या. सत्तरीच्या, काटकुळ्या, एका हातात काठी, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा.

"तुम्हीच का ते?"

"मीच तो. बसा ना."

बाई बसल्या. "नऊ वर्षं मी तुमच्या मानेकडे बघत प्रवास केला. तोंड आज पाहतेय." त्यांनी चष्मा लावून ते नीट पाहिलं. "मान बरी होती."

"खांब आहे तिथे. विजेचा."

"वाचलं मी. खांब तुम्हाला दिसतो, गटार मला दिसतं. माझा गुडघा दोन वर्षांपूर्वी गेला तो तिथेच. उद्या सकाळी या आणि उतरून दाखवा."

दुसऱ्या दिवशी पावणेसात सुट्टी टाकून, खिशात मोजपट्टी घेऊन, सतरा नंबरमध्ये प्रवासी म्हणून चढले. गाडीवर त्यांनीच तयार केलेला तरुण चालक होता. छापखाना आला. चालकाने गुरूने शिकवल्याप्रमाणे आरसा वाचवला, गाडी सहा पावलं पुढे नेली आणि झोकात उभी केली. पावणेसात मनातल्या मनात वाहवा म्हणत उतरले. त्यांचा उजवा पाय घोट्यापर्यंत गटारात गेला.

बाई थांब्यावरच्या बाकावर बसून वाट पाहत होत्या. त्यांनी पिशवीतून जुना रुमाल काढून पुढे केला. "बेचाळिसावी तुम्ही लिहा," त्या म्हणाल्या.

त्यांनी ती लिहिली. बूट वाळत असताना, बाकावर बसूनच. थांब्याचा खांब सहा पावलं पुढे न्यावा आणि गटारावर लादी टाकावी, एवढंच मागणं. बाईंनी तिथेच तीन चुका काढल्या आणि एक स्वल्पविराम घातला. अर्ज रस्त्यांच्या खात्यात गेला. तिथून 'नकाशा जोडा' म्हणून परत आला, मग 'मोजमाप जोडा' म्हणून परत आला. दर खेपेला पावणेसात मोजपट्टी घेऊन जायचे आणि बाई लाल पेन घेऊन यायच्या. या येण्याजाण्यात बाईंना कळलं, की हा माणूस बोलतो, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो. पावणेसातांना कळलं, की बाईंनी चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका वाचून काढल्या आणि निवृत्त झाल्यावर वाचायला काहीच उरलं नाही, म्हणून त्या पत्रं लिहायला लागल्या.

पाचवा महिना संपत आला होता. खणातल्या अर्जावर घालायची तारीख पावणेसातांनी मनात ठरवून टाकली होती. तब्येत ठणठणीत होती. भाडेकरूने एवढ्या दिवसांत हूं की चूं केलं नव्हतं.

एका गुरुवारी सकाळी एक शिंपी आला होता. त्याची छत्री खरोखरच बसमध्ये राहिली होती. भांडण नाही, आवाज चढलेला नाही. शिंपी सांगत होता, पावणेसात लिहीत होते, काळी, लाकडी मुठीची. एकाएकी पावणेसातांना खोली लांब गेल्यासारखी वाटली, आणि पुढच्या क्षणी छातीत कुणीतरी आतून सणसणीत लाथ मारली. पेन उडून भिंतीवर आपटलं. ते खुर्चीतून अर्धे उडाले आणि परत बसले.

शिंपी घाबरून उभा राहिला. "साहेब, एवढं मनाला लावून घेऊ नका हो! साधी छत्री होती!"

बायको दवाखान्यातून धावत आली आणि त्यांना हॉस्पिटलात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी छातीवर एक चकती धरली आणि पडद्यावर रेषा उमटल्या. "हे बघा, इथे ठोके बिथरले. इथे तुम्हाला चक्कर आली असेल. आणि हा झटका. लगेच सगळं ताळ्यावर. यंत्राने चोख काम केलंय."

"वेळ दिसते का त्यात?"

"दिसते की. नऊ बावन्न."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, तर त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला होता. तिला वाटलं, दुसरा झटका.

"नऊ बावन्नला सतरा नंबर पुलाच्या उतारावर असते," ते म्हणाले. "खाली शाळा आहे."

त्यांची गाडी कधी एक मिनिट मागे नसायची की पुढे नसायची. नऊ बावन्नला ती तिथे असतेच. गुरुवारी उभी माणसं धरून साठेक जण असतात. त्यांनी पुलाचा उतार डोळ्यांसमोर आणला, खालचा सिग्नल आणला, आणि मग आणखी काही आणलं नाही. बायकोने त्यांचा हात धरला. घरी जाईपर्यंत दोघंही बोलले नाहीत, आणि या वेळी ते दोघांच्याही लक्षात होतं.

सोमवारी ते कामावर आले, खण उघडला, अर्ज घेतला आणि जिना चढून आगारप्रमुखांच्या टेबलावर ठेवला.

"तारीख राहिलीय यावर," आगारप्रमुख म्हणाले.

"तारीख नको. अर्जच नको. तुम्ही फाडा, माझ्याच्याने व्हायचं नाही."

आगारप्रमुखांची घाई कुठल्या कुठे गेली. त्यांनी अर्जाचे सावकाश दोन तुकडे केले. मग दोघांनी मिळून एक एक कप चहा घेतला. पावणेसात खाली आले, खिडकी उघडली. बाहेर शिंपी उभा होता. हातात केळी आणि मोसंबी.

"छत्री सापडली का, हे नाही हं विचारायला आलो," तो घाईघाईने म्हणाला.

"सापडली," पावणेसात म्हणाले. "बसा ना."

त्यानंतरचे काही आठवडे अवघड गेले. जिना चढताना, फोन वाजताना, लेकीने दार आपटलं तरी त्यांचा हात छातीकडे जायचा. बायकोने उपदेश केला नाही. ती फक्त विचारायची, "भाडेकरू काय म्हणतोय?" आणि ते म्हणायचे, "भाडं मागत नाही, एवढंच बरं." हळूहळू हात खालीच राहायला लागला.

रस्त्यांच्या खात्याने शेवटी मान तुकवली. कुणी म्हणालं, मोजमाप इतकं चोख होतं की नाही म्हणता येईना. कुणी म्हणालं, लाल शाईवाल्या बाई स्वतः तिथे गेल्या आणि त्यांच्या नोटीस बोर्डवरच्या सतरा चुका दाखवून आल्या. एका सकाळी चार माणसं पहार घेऊन आली, थांब्याचा खांब उपटला, सहा पावलं पुढे रोवला आणि गटारावर भक्कम लादी टाकली. बाई काठी टेकत लादीवर उभ्या राहिल्या. त्यांनी एकदा टाच आपटून पाहिली आणि मान डोलावली. पावणेसातांना वाटलं, आता आभार मानतील. त्या म्हणाल्या, "आता पुढचा. बाजार थांब्यावर बाक नाही."

आगारप्रमुखांनी जुना निळा शिक्का काढून टाकला. आता तक्रार आली की पावणेसात स्वतः त्या चालकाला गाठतात, कँटीनमध्ये समोर बसवतात आणि प्रवाशाने काय सांगितलं ते शब्दन् शब्द सांगतात. चालक चिडतात, खांब-आरसा-वाहतूक सगळं काढतात. पावणेसात तेही लिहून घेतात. दोन्ही बाजूंना ते आपलेच वाटतात, आणि दोन्ही बाजूंना थोडेसे फितूरही.

मग एका रविवारी बायको म्हणाली, चला, मला फिरवून आणा. दोघं सतरा नंबरमध्ये चढली आणि डाव्या बाजूच्या खिडकीपाशी बसली. पावणेसातांनी सव्वीस वर्षं हा रस्ता समोरून पाहिला होता : खड्डे, सिग्नल, पुढच्या गाडीचं ढुंगण. बाजूने तो त्यांनी कधी निवांत पाहिलाच नव्हता. आता एका गच्चीत एक जाडजूड माणूस कुंडीतल्या रोपाशी बोलत होता. एका दुकानाच्या काचेत नुसत्याच टोप्या होत्या, शंभर तरी असतील. एका अरुंद गल्लीच्या तोंडाशी पाण्याचा तुकडा चमकला आणि गेला.

"अगं, इथे तळं आहे!"

"आहे की."

"आणि हे बघ, दिव्याच्या शेडचं दुकान! केवढं मोठं! कधी झालं हे?"

बायकोने सावकाश मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, बेडरूममधल्या दिव्याला तिथून शेड आणा म्हणून मी अकरा वर्षं तुमच्या मागे लागलेय. तुमच्याच रस्त्यावर आहे, मी म्हणायचे. तुम्ही म्हणायचात, तिथे दुकान नाहीच."

पावणेसात ओशाळले. मग त्यांनी हात वर करून दोरी ओढली, पुढे घंटी वाजली आणि गाडी थांब्यापाशी, बरोबर खांबाजवळ उभी राहिली. उतरताना ते चालकाच्या बाजूला क्षणभर थांबले.

"छान चालवतोस," ते म्हणाले.

चालकाने वळून पाहिलं तोवर दोघं खाली उतरली होती. बायको दुकानाकडे झपाझप निघाली, आणि पावणेसात तिच्या मागोमाग, हिरवी घ्यायची की पिवळी यावर रस्त्यातच मोठमोठ्याने बोलत.